नाव विचारले जाणार नाही

फलक लावण्याआधी तो बायकोला वाचून दाखवावा, एवढी साधी गोष्ट नंदकुमार शेवड्यांनी केली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण शेवडे पडले निवृत्त स्टोअरकीपर. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं डबे मोजले, आणि 'धूम्रपान करू नये'पासून 'चपला रांगेत ठेवाव्यात'पर्यंत तिथे जेवढे फलक लागले ते सगळे त्यांच्याच हातचे. त्यामुळे फलकाच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवायचं कारण नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. समजूत प्रामाणिक असली की माणूस जास्त जोरात आपटतो, हे त्यांना कारखान्यात कुणी सांगितलं नव्हतं.

निवृत्तीनंतर शेवडे सुविचार सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह झाले. कोपरखैरण्याच्या गावठाणात शिरताना पहिल्याच इमारतीच्या तळमजल्यावर एक गाळा आहे, तेच हे वाचनालय. दारावर पाटी: 'शासनमान्य, ड वर्ग'. सरकारी प्रतवारीत 'ड'च्या खाली काही नाही, पण ते सांगायची गरज नाही. ग्रंथपाल, शिपाई आणि झाडूवाला ही तिन्ही पदंही शेवडेच सांभाळत. फक्त सही करताना ते कार्यवाह असत.

गाळा पुतळाबाई म्हात्रेंचा. वय बासष्ट, नाकात नथ, आवाज खाडीपलीकडे ऐकू जाईल असा. समोर सोसायट्यांच्या रांगा उभ्या आहेत तिथे एकेकाळी त्यांच्या सासऱ्याची भातशेती होती. आता चार मजली इमारत आहे, वरच्या मजल्यावर पुतळाबाई, मधल्या मजल्यांवर भाडेकरू. गाळा त्यांनी फुकट दिला होता, पण दोन अटींवर. पहिली अट अशी की या गाळ्यात मनातल्या मनात वाचायचं नाही.

"माज्या गाळ्यात बसायचं आनी मना ऐकू येऊ नाय द्यायचं, हे कसलं वाचनं? मोठ्यानं वाच, मास्तर."

शेवडे मास्तर नव्हते. पण चष्मा आणि हातात पुस्तक एवढ्यावर पुतळाबाई कुणालाही मास्तर करून टाकत, आणि गावठाणात अहो-जाहोची पद्धत नसल्यामुळे हा मास्तर एकेरीतला असे. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या, पण ऐकायची हौस दांडगी. रोज दुपारी तीन वाजता त्या खाली उतरत, आणि शेवडे किंवा त्यांची बायको स्मिता त्यांना आधी वर्तमानपत्र आणि मग एखादं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवत. हळूहळू गावठाणातल्या आणखी सात-आठ बायका येऊन बसू लागल्या. जगभरच्या वाचनालयांत 'शांतता राखा' अशी पाटी असते. इथे कुणी शांतपणे वाचायला लागलं की पुतळाबाई विचारत, "काय रं, घसा बसला काय?"

दुसरी अट महत्त्वाची. पुतळाबाईंचा पुतण्या कुंदन याचा त्या गाळ्यावर डोळा होता. त्याला तिथे प्रोटीन पावडरचं दुकान टाकायचं होतं. पुतळाबाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, "दारावर सरकारचं नाव हाय तवर गाळा मास्तरचा. नाव गेलं का तुजा." त्यामुळे कुंदन दर आठवड्याला येऊन दारावरची पाटी बघून जाई. नमस्कार करी, पण पाटीकडे बघून.

तर मार्चच्या शेवटी जिल्ह्याच्या ग्रंथालय कार्यालयातून पत्र आलं. पंधरा एप्रिलला वाचनालयाची तपासणी, दाखल नोंदवहीप्रमाणे ग्रंथांची प्रत्यक्ष मोजणी होईल. शेवड्यांनी वही उघडली. वहीत पुस्तकं अकराशे चाळीस. कपाटात आठशे अठ्ठावीस. बाकीची तीनशे बारा पुस्तकं सभासदांच्या घरी सुखानं नांदत होती, काही तर आठ-आठ वर्षं. तेहतीस वर्षांत ज्याच्या हिशेबात रंगाचा एक डबा इकडचा तिकडे झाला नाही, त्या माणसाची ही गत! शेवड्यांना त्या दिवशी आमटी गोड लागली. खरं म्हणजे ती गोडच होती, स्मितानं गूळ जास्त घातला होता, पण शेवड्यांनी त्यातही नियतीचा हात पाहिला.

लोक पुस्तक का परत करत नाहीत? दंडाच्या भीतीनं, आणि त्याहून जास्त म्हणजे लाजेनं. सहा महिने उशीर झाला की माणूस वाचनालयाचा रस्ता टाळतो, सहा वर्षं झाली की कार्यवाहाला टाळतो. हे निदान शेवड्यांचंच, आणि ते बरोबर होतं. त्यांनी पांढरा पुठ्ठा घेतला, तांबडी शाई घेतली, आणि सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं:

'वाचनालयाचे पुस्तक घरी राहून गेले आहे? निःसंकोच आणून द्या. दंड नाही. प्रश्न नाहीत. नाव विचारले जाणार नाही. अंतिम तारीख: १४ एप्रिल.'

दाराला फलक लावून झाल्यावर स्मिता आली, आणि तिनं तो दोनदा वाचला.

"कुठल्या वाचनालयाचं पुस्तक, ते कुठाय यात?"

"अगं, फलक वाचनालयाच्या दारावर आहे. दुसऱ्या कुठल्या वाचनालयाचं असेल?"

"दारावर आहे तोवर ठीक आहे," स्मिता म्हणाली.

तो दारावर दोन तास होता. मग शेवड्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी ज्योतिबा घोरपडे तिथून गेले. घोरपडे मूळचे कराडकडचे, दिलदार माणूस, पण हातात मोबाईल. चांगलं काही दिसलं की त्याचा फोटो काढायचा आणि जगाला वाटायचा, हा त्यांचा धर्म. त्यांनी जवळ जाऊन फक्त मजकुराचा फोटो काढला, खाली गाळ्याचा पत्ता टाकला आणि 'अतिशय स्तुत्य उपक्रम, सर्वांनी लाभ घ्यावा' असं लिहून सोसायटीच्या ग्रुपवर सोडून दिला. तिथून तो ऐरोलीला गेला, सीवूड्सला गेला, पनवेलच्या एका भजनी मंडळात गेला. संध्याकाळपर्यंत तो शेवड्यांनाच तीन जणांनी पाठवला. एकानं तर 'अशी माणसं हल्ली कुठं भेटतात' असंही लिहिलं होतं. शेवड्यांची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या आल्या त्या शेवड्यांच्याच सोसायटीतल्या, चौथ्या मजल्यावरच्या चारुलता बापट. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं, टेबलावर ठेवलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. शेवड्यांनी पुस्तक उघडलं. आत गोल शिक्का, निळी शाई, राजापूर तालुक्यातल्या कुठल्याशा गावाचं सार्वजनिक वाचनालय.

"अहो, हे आपलं नाही."

"नाहीच मुळी. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात आणलं होतं मी. लग्नाच्या गडबडीत ट्रंकेत आलं. कळव्याला आलं, मग इथं आलं. एकेचाळीस वर्षं झाली, शेवडे. दर दिवाळीला साफसफाई करताना मी ते ह्यांच्यापासून लपवते. त्यांना वाटतं माझं लग्नाआधीचं काहीतरी आहे ट्रंकेत."

"पण तुम्ही ते इथं का—"

"प्रश्न नाहीत असं लिहिलंय ना तुम्ही?" चारुलताबाई डोळे उघडून म्हणाल्या, आणि एकेचाळीस वर्षांनी हलक्या झालेल्या पायांनी निघून गेल्या.

आता नवी मुंबई म्हणजे काय हो? सगळी माणसं कुठून ना कुठून ट्रंक घेऊन आलेली. कुणी कोकणातून, कुणी देशावरून, कुणी दादर-परळच्या दोन खोल्यांतून. आणि जिथे मराठी माणसाची ट्रंक, तिथे तळाशी गावच्या वाचनालयाचं एक पुस्तक असायचंच! गाव सोडायच्या गडबडीत परत द्यायचं राहिलेलं. टाकवत नाही, परत देता येत नाही. इतकी वर्षं ही सगळी माणसं आपापल्या माळ्यावर एकेक गुन्हा जपून होती, आणि शेवड्यांनी तांबड्या शाईत जाहीर माफी देऊन टाकली होती.

लोटच आला. सातारा, संगमनेर, मालवण, भोर, अक्कलकोट. गोल शिक्के, चौकोनी शिक्के, एका पुस्तकावर तर संस्थानच्या काळातला शिक्का. घोरपडे स्वतः कुक्कुटपालनावरचं एक पुस्तक घेऊन आले. कॉलेजात असताना नेलं होतं, जोडधंदा करायचा विचार होता, पुढे सरकारी नोकरी लागली. "एकसुद्धा कोंबडी पाळली नाही साहेब, पण पुस्तक पाळलं," असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला होता. नाव विचारायचं नाही असं शेवड्यांनी ठरवलं होतं, पण लोक नावासकट, गावासकट, ग्रंथपालाच्या स्वभावासकट सगळं सांगत. द्यायला आलेला माणूस अर्धा तास बसे. बरेच जण तर द्यायच्या आधी शेवटची वीस पानं तिथेच बसून वाचत, आणि गाळ्याच्या नियमाप्रमाणे मोठ्यानं. आठ दिवसांत तीनशे पुस्तकं जमली. त्यातली सुविचार वाचनालयाची किती? सात.

परक्यांत आणखी एकाची भर स्मितानं घातली. आणलं म्हणजे माळ्यावरच्या पितळी डब्यातून काढलं आणि शेवड्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. गुहागरकडच्या एका वाचनालयाचं, शेवटच्या पानावर नेणाऱ्याची सही: नं. ग. शेवडे, इयत्ता दहावी.

"दंड नाही ना?" तिनं विचारलं. त्यांनी दहीभात कालवला.

मग सुरू झालं सल्ल्यांचं पर्व. कुणी म्हणालं, पानं फाडून शिक्के काढून टाका. कुणी म्हणालं, शिक्क्यावर आपला शिक्का मारा. चारुलताबाईंच्या यजमानांनी (त्यांना ट्रंकेतलं सत्य कळल्यापासून ते फार आनंदात होते) सरळ पोस्टानं परत पाठवायला सांगितलं. शेवडे पहिली वीस पुस्तकं घेऊन पोस्टात गेले. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "पाठवणारा कोण?" शेवडे म्हणाले, तसं पाहिलं तर मी नाही. "मग घेणारा?" तोही आहे की नाही माहीत नाही, शेवडे म्हणाले. बाईंनी खिडकीवर 'जेवणाची वेळ' अशी पाटी ठेवली. तेव्हा साडेदहा वाजले होते.

शेवड्यांनी फोन लावले. एका वाचनालयानं सांगितलं की ते पुस्तक त्यांनी तीस वर्षांपूर्वीच बाद केलंय, आता परत घ्यायचं तर नव्यानं दाखल करावं लागेल, त्याला कार्यकारिणीचा ठराव लागतो आणि कार्यकारिणीत दोन गट आहेत. दुसऱ्यानं विचारलं, "कोण, लग्न होऊन गेलेली आपली चारू का? तिला म्हणावं आधी स्वतः ये." शेवटी जिल्ह्याच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं.

"पुस्तकं कमी भरली तर 'गहाळ' असा रकाना आहे. जास्त भरली तर... जास्त कशी भरतील हो? मी इथं बावीस वर्षं आहे."

या सगळ्या धांदलीत पुतळाबाईंचं तीनचं वाचन बुडू लागलं. त्यांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी पदर खोचून त्या खालीच येऊन बसल्या. "वाचत नाय तं मना काम तरी दे. नुसती बसून काय करू?" शेवड्यांच्या एका कानाला फोन होता. त्यांनी विचार केला की अक्षर न येणाऱ्या बाईला देण्यासारखं एकच काम आहे. त्यांनी सगळे गठ्ठे पुढे सरकवले आणि सांगितलं, सारखे शिक्के असलेली पुस्तकं एका जागी लावा. शिक्के काय, चित्रासारखेच. पुतळाबाईंनी चष्मा लावला आणि कामाला लागल्या. मधूनमधून स्मिताला हाक मारून काहीतरी विचारत, सगळ्या शिक्क्यांवर हे एकसारखं काय लिवलंय, आनी खाली हे येगळं येगळं काय. स्मिता शेजारी बसून सांगे. शेवडे तिकडे लक्ष द्यायला मोकळे नव्हते, ते अक्कलकोटशी बोलत होते.

चौदा तारखेला एकूण परकी पुस्तकं झाली चारशे सदतीस. घोरपड्यांनी सोसायटीत तातडीची सभा घेतली आणि एक योजना मांडली. ज्यानं जे पुस्तक आणलं त्यानं ते उद्यापुरतं घरी न्यायचं, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांची पुस्तकं बाकीच्यांनी वाटून घ्यायची. तपासणी करणाऱ्या मॅडम गेल्या की घोरपडे ग्रुपवर कळवतील, मग सगळ्यांनी पुस्तकं परत आणून ठेवायची. फूलप्रूफ, असं ते म्हणाले. शेवड्यांकडे दुसरा उपाय नव्हता. रात्रीपर्यंत सगळी चोरी पुन्हा आपापल्या घरी पोचली.

पंधरा तारखेला सकाळी सुनयना गावंडे मॅडम आल्या. अकोल्याच्या, चाळिशीच्या, कामाला चोख. त्यांनी एकेक कपाट मोजलं. शेवडे मागे उभे राहून घाम पुसत होते. तीनशे पाच गहाळ, मॅडमनी नोंदवलं. पण मग त्यांनी सभासदांची वही पाहिली, पुस्तक द्यायला आलेल्यांतले नव्वद जण गेल्या दोन आठवड्यांत सभासद झालेले पाहिले, आणि त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

"पुस्तकं जातात हो सगळीकडेच," त्या म्हणाल्या. "माणसं येत नाहीत, हे जास्त वाईट. चहा घेऊया? मग शेरा लिहिते. वर्षभराची मुदत देऊ आपण."

शेवड्यांना गहिवरून आलं. ते मॅडमना कोपऱ्यावरच्या टपरीवर घेऊन गेले, आलं घातलेला चहा सांगितला, आणि तेहतीस वर्षांच्या डब्यांची हकिगत सुरू केली. मॅडम हसल्यासुद्धा.

इकडे समोरच्या सोसायटीच्या गेटवर उभ्या घोरपड्यांनी मॅडमना बाहेर पडताना पाहिलं आणि कर्तव्यदक्षपणे ग्रुपवर लिहिलं: 'मॅडम गेल्या. पुस्तकं आणा.'

चहा पिऊन दोघं परतले तेव्हा गाळ्याच्या दारापासून गावठाणाच्या देवळापर्यंत रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात पिशवी, प्रत्येक पिशवीत पुस्तकं. ऐरोलीहून रिक्षा करून आलेले एक आजोबा होते. रांगेच्या तोंडाशी चारुलताबाई. मॅडमनी त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं, उघडलं, शिक्का पाहिला. मागच्याचं घेतलं. त्याच्या मागच्याचं घेतलं.

"शेवडे, हे काय आहे?"

उत्तर शेवड्यांनी द्यायचं होतं. आलं ते रांगेतून. साठ माणसं एकाच वेळी खरं सांगू लागली, आणि साठ माणसांनी एकदम सांगितलेलं खरं कुणालाही कळत नाही. घोरपडे "मॅडम, कोंबडी एकही नाही पाळली" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. पाऊण तासानं मॅडमना सगळा प्रकार समजला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं शेवड्यांना वाटलं.

"समजलं मला. पण डोळ्यांनी पाहिल्यावर मी लिहिणार नाही असं होत नाही," त्या म्हणाल्या. खुर्चीत बसून त्यांनी शेरेबुकात पाच ओळी लिहिल्या, सही केली, वही शेवड्यांच्या हातात दिली आणि निघून गेल्या. लोक पुस्तकं ठेवून, माना खाली घालून पांगले.

गाळ्यात उरले शेवडे, स्मिता आणि दाराशी पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये बसलेल्या पुतळाबाई. आणि अशा बातम्या ज्याला वाऱ्यावर कळतात तो कुंदनही येऊन उभा राहिला. त्यानं या वेळी पाटीकडे पाहून नमस्कारही केला नाही.

"काय लिवलंय?" पुतळाबाईंनी विचारलं. "वाच, मास्तर. मोठ्यानं."

शेवड्यांनी वही उघडली. लिहिलं होतं ते असं: 'नोंदवहीप्रमाणे तीनशे पाच पुस्तके सभासदांकडून परत आलेली नाहीत. इतर वाचनालयांची चारशे सदतीस पुस्तके विनापरवाना ताब्यात आहेत. ती तीन महिन्यांत परत करावीत. परत केल्याचा पुरावा मिळेपर्यंत या सार्वजनिक वाचनालयाची मान्यता स्थगित ठेवावी, अशी शिफारस.'

स्थगित म्हणजे सरकारचं नाव गेलं. म्हणजे दुपारी तीनचं वाचन गेलं, त्या आठ बायका गेल्या, आठशे पस्तीस पुस्तकं कुठल्या तरी पंपरूममध्ये कुजणार, आणि इथं प्रोटीनचे डबे लागणार. शेवड्यांनी समोर पाहिलं. समोर वाचता न येणारी बाई होती. कुंदन शेरा बघायला पुढे येईल असा नव्हता, त्याला मराठी वाचायचा कंटाळा होता. आयुष्यात एका डब्याची खोटी नोंद न केलेल्या शेवड्यांनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली.

"वाचनालयाचे काम पाहून समाधान वाटले. ग्रंथसंग्रह, हं, अपेक्षेपेक्षा मोठा आहे. वाचकांचा प्रतिसाद उत्तम. या सार्वजनिक वाचनालयास शुभेच्छा."

स्मितानं मान खाली घातली. कुंदनचं तोंड पडलं. पुतळाबाईंनी हात पुढे केला आणि वही मागून घेतली. चष्मा नाकावर सारला, बोट कागदावर ठेवलं.

"मास्तर, हा सबुद हितं तीनदा हाय." त्यांनी बोट टेकवलं. "प-र-त. हितं. हितं. आनी हितं. तू एकदा पन नाय बोललास."

शेवड्यांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण सिमेंटच्या लादीला ते जमत नाही.

"पुस्तकाच्या मागं चिठ्ठी असते ना, परत करायची तारीख. चारशे पुस्तकांवर तेच लिवलंय. आनी पुढं शिक्क्यात सार्वजनिक वाचनालय. स्मितानं एकदा सांगितलं, मंग मना दिसायलाच लागलं. गावाचं नाव तेवढं येगळं, ते जोडून जोडून बघायचं." आणि त्या बोट सरकवत वाचू लागल्या. एकेक अक्षर, मग दोन, मग शब्द. 'विनापरवाना'ला दोनदा अडखळल्या. 'स्थगित' तीन प्रयत्नांत फोडला. पाच ओळींना वीस मिनिटं लागली. संपल्यावर त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली.

"माज्या सासऱ्यानं असाच कागद ऐकला होता," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "खाडीकडच्या शेताचा. एक दलाल वाचत होता, सासरा मान हलवत होता. वाचलं एक, लिवलं दुसरं. त्यात खरा फक्त आंगठा होता. आनी तू बी तेच केलंस, मास्तर?"

शेवड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं पकडलं गेल्याची लाज होतीच, पण ज्या बाईनं इतकी वर्षं आपल्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द खरा मानला, तिच्यापुढे आपण त्या दलालाच्या जागी जाऊन बसलो, याची लाज फार मोठी होती. "चुकलो, पुतळाबाई," एवढंच ते म्हणाले. "गाळा जाईल म्हणून घाबरलो. चावी देतो."

"काकी," कुंदननं संधी साधली, "सरकारचं नाव गेलं ना आता? तूच बोल्ली व्हतीस."

"बोल्ली व्हती. तवा मना वाचता येत नव्हतं, म्हनून सरकारचं नाव पाहिजे व्हतं." पुतळाबाई उठल्या. मघाचा राग चेहऱ्यावर होताच, पण त्याच्या खालून काहीतरी दुसरंच वर येत होतं, आणि ते त्यांना दाबता येईना. त्या एकदम हसल्या. "सरकारचा कागद हाय का नाय हा? आनी मी वाचला का नाय? साठ वर्सं सरकारचा कागद आला का मी आंगठा शाईत बुडवायची. आज पयल्यांदा मीच त्यातलं खोटं पकडलं! आनी हे जिथं झालं तिथं तू पावडर इकनार? गाळा वाचनालयाचा. सरकारनं नाव ठेवलं तरी, नाय ठेवलं तरी. जा, घरी जा."

कुंदन घरी गेला. तीन महिन्यांची मुदत होतीच. मे महिन्यात सगळी माणसं आपापल्या गावाला निघणार होती, घोरपड्यांनी लगेच ग्रुपवर यादी टाकली की ज्याच्या वाटेवर जे वाचनालय, त्यानं तो गठ्ठा न्यायचा आणि पोच घेऊन यायची. गुहागरचा गठ्ठा शेवड्यांनी न बोलता आपल्या नावावर लिहून घेतला. स्मितानं ते पाहिलं आणि यादीत खाली स्वतःचंही नाव घातलं.

पण शेवड्यांची सुटका एवढ्यावर नव्हती.

"खोटं वाचलंस त्याची शिक्षा हाय," पुतळाबाई म्हणाल्या. त्यांनी गठ्ठ्यातून एक जाडजूड पुस्तक ओढून काढलं, पाचशे पानांच्या वरचं. "हे मे महिन्यात परत जानार. त्याच्या आधी मी ते वाचनार, रोज तीन वाजता. आनी तू समोर बसून ऐकायचं. उठायचं नाय. पानी प्यायचं असंल तं आताच पी."

शेवडे पाणी पिऊन समोरच्या बाकावर बसले. पुतळाबाईंनी पहिलं पान उघडलं, बोट ठेवलं, आणि खाडीपलीकडे जाईल अशा आवाजात सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत मधेच एक जोडाक्षर आलं. त्यांचं बोट थांबलं. त्या थांबल्या, पुन्हा मागून आल्या, पुन्हा त्याच जागी अडल्या. शेवड्यांना शब्द येत होता. तो त्यांच्या जिभेवर होता. त्यांनी तोंड उघडलं.

"सांगू नको," पुस्तकातून डोळे न काढता पुतळाबाई म्हणाल्या.

शेवड्यांनी तोंड मिटलं आणि थांबून राहिले.